शून्याच्या डोक्यावर नऊच का?

राजापूर तालुक्यातल्या एका वाडीवरची शाळा, चौथीचा वर्ग. पाऊस असा कोसळत होता की कौलांच्या आवाजात पहिली दोन वाक्ये ऐकूच आली नाहीत. फळ्यापाशी एक छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणारा विद्यार्थी, सराव पाठ घेत होता आणि मी मागच्या भिंतीला टेकून, निरीक्षणवही मांडीवर घेऊन बसलो होतो. फळ्यावर गणित होते ३०२ वजा १४८.

"दोनातून आठ जात नाहीत. म्हणून शेजाऱ्याकडे मागायचं. शेजारी शून्य, त्याच्याकडे काहीच नाही. मग त्याच्या शेजाऱ्याकडे जायचं. तिनाचे झाले दोन, शून्यावर लिहा नऊ आणि इकडे दोनाचे झाले बारा."

उत्तर आले १५४. अगदी बरोबर. अक्षर सुरेख, आवाज खणखणीत. तेवढ्यात खिडकीशेजारची एक मुलगी उभी राहिली. "सर, शून्यावर नऊच का लिवायचे? दहा का नाय?"

तो थांबला. फळ्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, "तशी रीतच आहे." मुलगी खाली बसली आणि वहीत नऊ लिहिले.

या मुलाला बारावीला गणितात नव्वदच्या वर गुण होते. आयुष्यात हजारभर वेळा तरी त्याने शून्यावर नऊ लिहिले असतील. पण हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता, कारण उत्तर बरोबर येत असताना तो पडायचे काही कारणच नसते. शिकवायला उभे राहिले की मात्र तो समोरून येतो. शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमात 'अध्यापन पद्धती' नावाचा जो भाग असतो, तो अशा वेळेसाठी. डी.एल.एड. आणि बी.एड.ची मुले त्याला नुसते 'मेथड' म्हणतात. "तुझी मेथड कुठली?" "मराठी-इतिहास." "माझी सायन्स-मॅथ्स."

बाहेरच्या माणसाला हा प्रकार थोडा अनावश्यक वाटतो. गणित येते ना, मग शिकवायला वेगळे काय लागते? मला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, एसटीत विचारला गेलाय. त्याचे नीट उत्तर द्यायचा हा प्रयत्न.

मुले ३०२ वजा १४८ कसे चुकतात ते बघा. काही मुले २४६ लिहितात. आठातून दोन गेले सहा, चारातून शून्य गेले चार, तिनातून एक गेला दोन. म्हणजे त्यांनी प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केले, वरचा-खालचा बघितलाच नाही. काही मुले १०४ लिहितात. त्यांनी तिनाकडून एक घेतला तो थेट एककाला देऊन टाकला, मधले शून्य तसेच राहिले, आणि शून्यातून चार जात नाहीत म्हणून तिथे शून्य लिहिले. दोन्ही उत्तरे चूक, दोघांनाही लाल फुली मिळणार. पण चुका सारख्या नाहीत. पहिल्या मुलाला वजाबाकी म्हणजे काय तेच पुन्हा दाखवावे लागेल. दुसऱ्याला वजाबाकी कळली आहे, त्याचे अडले आहे ते शतक, दशक आणि एकक यांच्या देवाणघेवाणीत. नुसते गणित येणाऱ्या माणसाला या वहीत दोन चुकीची उत्तरे दिसतात. गणित शिकवता येणाऱ्याला दोन वेगवेगळे विचार दिसतात, आणि उद्या कुणाशी काय बोलायचे तेही ठरवता येते.

१९८६ साली ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने या गोष्टीला नाव दिले. त्याआधी शिक्षकाकडे दोन प्रकारचे ज्ञान असावे असे धरले जाई. एक विषयाचे आणि दुसरे शिकवण्याचे, म्हणजे वर्ग कसा सांभाळावा, प्रश्न कसे विचारावेत वगैरे. शुलमन म्हणाले की या दोहोंच्या मधोमध तिसरे एक ज्ञान आहे आणि ते फक्त शिक्षकाचेच असते. या विषयातला हा मुद्दा मुलांना कुठे जड जातो, त्यांच्या डोक्यात आधीपासून कोणती कल्पना बसलेली असते, कोणत्या उदाहरणाने तो उलगडतो आणि कोणत्या उदाहरणाने उलट गोंधळ वाढतो, हे ते ज्ञान. आपल्याकडे याच अंगाने जाणाऱ्या विषयाला 'आशययुक्त अध्यापन' म्हणतात. नाव भारदस्त आहे, म्हणून मुले त्याची व्याख्या पाठ करतात आणि पेपर देऊन मोकळी होतात. खरे तर त्या मुलीचा प्रश्न हाच आशययुक्त अध्यापनाचा पेपर होता.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघे व्हरांड्यात बसलो. मी खिशातून शंभराच्या तीन नोटा आणि एक-एक रुपयाची दोन नाणी काढली. म्हटले, हे तुझ्याजवळ आहेत आणि मी कंडक्टर, मला बरोबर १४८ रुपये दे. त्याने एक शंभराची नोट पुढे केली. आता अठ्ठेचाळीस हवेत, सुट्टे नाहीत. "मग मोड की." शंभराची एक नोट मोडली, दहाच्या दहा नोटा आल्या. शून्य होते तिथे आता दहा आले! त्यांतल्या चार देण्याआधी बघितले, तर वरचे आठ रुपये द्यायला पुन्हा सुट्टे नाहीत. दहातली एक नोट मोडून दहा सुटी नाणी केली. राहिल्या नऊ. तो नोटांकडे बघतच राहिला. "सर, म्हणजे आधी दहाच होतात. मग त्यातला एक आपण पुढं देतो. मधली पायरी आपण लिहीतच नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने पुठ्ठ्याच्या नोटा करून आणल्या आणि पहिल्यांदा त्या मुलीच्या हातात दिल्या. पाचेक मिनिटांत ती म्हणाली, "सर, तुमी काल दहा लिवायचे इसरलात." तिचे बरोबर होते.

हे सगळे कुठे आणि कसे शिकवतात? पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी बारावीनंतर दोन वर्षांचे डी.एल.एड., ज्याला गावाकडे अजून डी.एड.च म्हणतात. माध्यमिकसाठी पदवीनंतर बी.एड. पूर्वी बी.एड. एका वर्षाचे होते, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचे झाले आणि त्यात वीस आठवडे शाळेत काढणे आले. त्याला म्हणतात छात्रसेवाकाल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पुढचा रस्ता चार वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाचा आखला आहे, म्हणजे पदवी आणि बी.एड. हातात हात घालून. विषय आणि पद्धती एकाच छपराखाली शिकवायच्या, ही त्यामागची कल्पना मला पटते. आधी तीन वर्षे विषय एका इमारतीत आणि मग दोन वर्षे पद्धती दुसऱ्या इमारतीत, यात दोन्हींची गाठ पडतच नाही.

शाळेत जाण्यापूर्वीची पायरी म्हणजे सूक्ष्म अध्यापन. ही रीत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे. प्रस्तावना करणे, प्रश्न विचारणे, उदाहरण देणे, फलकलेखन, शाबासकी देणे, यांपैकी एकच. वर्गमित्रच विद्यार्थी होऊन समोर बसतात. भारतात रूढ झालेल्या चक्रात सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे त्यावर चर्चा, बारा मिनिटे पुन्हा तयारी, सहा मिनिटे पुन्हा पाठ आणि सहा मिनिटे पुन्हा चर्चा, असा एकूण छत्तीस मिनिटांचा हिशेब असतो. पोहायला शिकताना आधी धक्का धरून नुसते पाय मारतात, तसे हे. मी याच्या बाजूचा आहे. नवा माणूस एकदम चाळीस मुलांपुढे उभा केला की त्याला स्वतःच्या आवाजापलीकडे काही सुचत नाही. पण यात एक उणीव आहे. समोर बसलेले वर्गमित्र खोटे खोटे पाचवीत असतात. ते कधी "नऊच का?" विचारत नाहीत.

म्हणून सराव पाठ, आणि सराव पाठासाठी टाचण. पाठ टाचणाची वही हा प्रत्येक छात्राध्यापकाच्या रात्रीच्या जागरणाचा विषय. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, पूर्वज्ञान, प्रस्तावनेचे प्रश्न, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, मूल्यमापन, गृहपाठ. या रचनेचे मूळ फार जुने आहे. हर्बार्ट हा जर्मन तत्त्वज्ञ १८४१ साली वारला. त्याच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या बांधल्या, त्याच आपल्याकडे 'पंचपदी' म्हणून आल्या, आणि आजच्या टाचणाच्या रकान्यांत त्यांची सावली दिसते.

टाचणाबद्दल माझे म्हणणे मी दरवर्षी मुलांना कोकणातल्या दशावतारी नाटकावरून सांगतो. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. तरी रंगमंचावर तासन् तास संवाद चालतो, कारण नटाला आख्यान मुळापासून ठाऊक असते आणि समोरचा राजा आडवा गेला तरी त्याला सावरून पुन्हा कथेवर आणता येते. टाचण असे असावे. "मी म्हणेन, मुले म्हणतील" असे दोन रकाने भरून आणणारी मुले असतात, त्यात मुलांची सगळी उत्तरे बरोबर लिहिलेली असतात. मी त्यांना तिसरा रकाना आखायला लावतो, 'मुले काय चुकीचे म्हणतील'. पहिल्या आठवड्यात हा रकाना रिकामा येतो. तो भरू लागला की मला कळते, हा आता शिक्षक होतोय.

भाषेच्या मेथडचे उदाहरण मालवणकडचे. तिसरीच्या वर्गात एक मुलगा म्हणाला, "बाई, माका पेन्सिल नाय." छात्राध्यापिका म्हणाली, "माका नाही, मला म्हणायचं." मुलगा "मला" म्हणाला आणि त्यानंतर अख्ख्या तासात काही बोलला नाही. ती मुलगी वाईट नव्हती हो, तिला स्वतःलाही शाळेत असेच शिकवलेले. पुढच्या पाठाला तिने फळ्यावर दोन रकाने केले. एकीकडे मुलांनी सांगितलेले माका, तुका, आमका, घराक, शाळेक. दुसरीकडे मला, तुला, आम्हाला, घराला, शाळेला. आणि विचारले, "काय दिसतंय?" थोडा वेळ शांतता. मग तोच मुलगा म्हणाला, "आमच्या 'क'च्या जागेर तुमचो 'ला' येता."

विभक्ती प्रत्यय म्हणजे काय, हे त्या मुलाने स्वतः शोधून काढले. आधी उदाहरणे आणि मग त्यांतून नियम, याला उद्गामी पद्धती म्हणतात. आधी नियम आणि मग उदाहरणे, ती अवगामी. परीक्षेत या दोहोंतला फरक पाच गुणांना येतो. वर्गात त्याची किंमत वेगळी आहे. घरच्या बोलीला व्याकरण असते हे ज्या मुलाला कळले, तो पुस्तकातल्या मराठीला भीत नाही. बोली हा अडथळा समजून पुसून टाकायचा की तिच्यावर पाय ठेवून पुढे जायचे, हे भाषाशिक्षकाने ठरवायचे असते, आणि मी दुसऱ्या बाजूचा कट्टर आहे.

भूगोलात गंमत उलटी होते. सातवीत भरती-ओहोटीचा पाठ आहे. देशावरून आलेला छात्राध्यापक मोठा तक्ता घेऊन उभा, आणि समोर बसलेल्या निम्म्या मुलांच्या घरी होडी. उधाणाची मोठी भरती अमावास्या-पौर्णिमेला आणि भांगाची लहान भरती अष्टमीला, हे त्या मुलांना चालायला लागल्यापासून माहीत. किनाऱ्यावरची जुनी माणसे घड्याळाशिवाय भरतीची वेळ काढतात, तिथीची पाऊणपट करून. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. रीत ढोबळ आहे, पण तिच्यामागे विज्ञान पक्के आहे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण पृथ्वी एक फेरी पुरी करेपर्यंत चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे गेलेला असतो आणि त्याला गाठायला पृथ्वीला आणखी तेवढे फिरावे लागते.

त्या तासाला एका मुलाने विचारले, "सर, चंद्र तर एकच आसा. मगे भरती दिसाक दोनदा कित्याक येता?" याहून चांगला प्रश्न मी कुठल्या पदव्युत्तर वर्गातही ऐकलेला नाही. चंद्राचे ओढणे जवळच्या बाजूवर सर्वांत जास्त, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी, पलीकडच्या बाजूवर सर्वांत कमी. या फरकामुळे पाणी दोन्ही टोकांना ताणले जाते, चंद्राकडे आणि त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूलाही. हे नुसते सांगून भागत नाही. तीन मुलांना हात धरून ओळीत उभे करा आणि चौथ्याला चंद्र करा. पुढचा जोरात पुढे जाईल, मधला बेताने, मागचा जेमतेम. तिघांमधले अंतर दोन्हीकडे वाढलेले सगळ्यांना डोळ्यांनी दिसते.

छात्राध्यापकाने ती युक्ती नंतर केली, पण त्याआधी त्याने केलेली गोष्ट मला जास्त आवडली. तो म्हणाला, "मला याचं उत्तर नीट येत नाही, उद्या सांगतो." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी सांगितले.

विज्ञानाबद्दल थोडक्यात. कोकणात प्रयोगशाळा नाही म्हणून रडायचे कारण नाही, परसात जास्वंद आहे. तिच्या फुलाचा रस लिंबात वेगळा रंग दाखवतो, सोड्याच्या पाण्यात वेगळा. फक्त थेंब टाकण्याआधी प्रत्येक मुलाकडून अंदाज लिहून घ्यायचा. अंदाज लिहिला की मूल त्या प्रयोगात अडकते, नाहीतर ती नुसती जादू होते. इतिहासाचे तेच. सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम १६६४ साली सुरू झाले, हे सन पाठ करण्याआधी मालवणच्या धक्क्यावर उभे राहून विचारावे, शेजारी एवढी जमीन असताना किल्ला पाण्यात का बांधला असेल? जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज आणि पाण्याखालचे खडक, सगळे मुलांच्याच तोंडून येते.

एक वाक्य मात्र मी सगळ्या मेथडच्या मुलांना टाळायला सांगतो. "समजलं का?" त्यावर वर्ग एकसुरात "होऽऽ" म्हणतो आणि शिक्षक पुढे जातो. तो प्रश्नच नाही. त्याऐवजी एखादे चुकीचे उत्तर फळ्यावर लिहावे आणि विचारावे, हे करणाऱ्याने कसा विचार केला असेल?

आता माझे गाऱ्हाणे. मी गेल्या काही वर्षांत पाहिलेल्या निरीक्षण नोंदींत तीच ती वाक्ये आहेत: आवाज सुस्पष्ट, फलकलेखन नीटनेटके, वर्गनियंत्रण चांगले, साधनांचा योग्य वापर. मीही अशी लिहिली आहेत, वेळ कमी असतो आणि पाठ खूप असतात. पण त्या वजाबाकीच्या पाठाला या चारही नोंदी लागू पडल्या असत्या, आणि त्या मुलीच्या प्रश्नाचा कुठे उल्लेखही आला नसता. पाठ बघणाऱ्याने अर्धा वेळ तरी शिक्षकाकडे पाठ करून मुलांच्या वह्यांत डोकवावे. मी आता तसेच करतो. मागे बसण्याऐवजी मधल्या बाकावर बसतो.

मुलांकडे बघून पद्धत घडवणे हे कोकणच्या किनाऱ्याला नवे नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग, आणि आदिवासी पाड्यावरची मुले शाळेत येईनात. मग शिंपले, बिया, पाने, दगड हीच साधने झाली आणि शाळा मुलांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. अंगणवाडी हा शब्द आज सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे, तो या कामातून आलेला.

आजच्या कोकणची अडचण वेगळी आहे. वाड्या विखुरलेल्या, पट कमी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या पहिली ते पाचवीच्या शाळेला दोन शिक्षक. म्हणजे आमचा छात्राध्यापक उद्या नोकरीला लागला की एका खोलीत दोन-तीन इयत्ता घेऊन बसणार. आणि आम्ही त्याचा सराव करून घेतो तो एका इयत्तेच्या, एका विषयाच्या, एका तासिकेच्या पाठाचा.

गेल्या वर्षी एका छात्राध्यापिकेने बहुवर्ग पाठाचे टाचण करून आणले. विषय एकच, भरती. पहिलीची मुले शिंपल्यांचे दहा-दहाचे ढीग करणार. दुसरीची मुले 'होडी, जाळे, वाळू, लाट' हे शब्द वाचून त्यांची वाक्ये करणार. तिसरीची मुले आज तीन वाजता भरती असेल तर उद्या आणि परवा किती वाजता, याचा तक्ता पन्नास मिनिटे मिळवत करणार. चौथीची मुले तिथीची पाऊणपट काढून तिसरीचा तक्ता तपासणार, आणि दोघांच्या वेळा थोड्या का चुकतात ते शोधणार. कोणत्या दहा मिनिटांत ती स्वतः कुठल्या इयत्तेजवळ असेल, हे चार रकान्यांत आखलेले. सगळे मिळून एक पान, पण त्याला तिच्या दोन संध्याकाळी गेल्या होत्या.

पाठ झाल्यावर मी गुणदानाचा तक्ता काढला. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन. प्रस्तावना चारांपैकी कुठल्या इयत्तेची धरायची, म्हणून मी पेन हातात धरून बसलो. शेवटी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले.